सोडियम: ओळख, हाताळणी आणि वापर (सोलापूरच्या घरासाठी, रंगखात्यासाठी आणि शेतासाठी)

सोलापुरात ‘सोडा’ हा एकच शब्द दिवसभरात चार निरनिराळ्या पदार्थांसाठी वापरला जातो. सकाळी तो भज्यांच्या पिठात चिमूटभर पडतो, दुपारी मोरीत मळके टॉवेल भिजवलेल्या बादलीत जातो, अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत सूत रंगवणाऱ्या खात्यांत तो पोत्यांनी उतरतो, आणि त्याच खात्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या खवल्यांच्या रूपात ठेवलेल्या पदार्थालाही कामगार सोडाच म्हणतात. पहिला खाण्याचा सोडा, दुसरा धुण्याचा सोडा, तिसरा सोडा ॲश आणि चौथा कॉस्टिक सोडा. चारही पांढरे आहेत आणि चारहींत सोडियम आहे; तरीही पहिला पोटात जाऊ शकतो आणि चौथा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. सुताच्या रंगकामात बरीच वर्षे घालवल्यानंतर मला असे ठामपणे वाटते की, ही गल्लत दूर करण्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही, एक प्रश्न विचारण्याची सवय लागते: या पदार्थात सोडियमच्या सोबत कोण आहे?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण सोडियमच्या बहुतेक संयुगांत प्रत्यक्ष काम सोबतचा घटक करतो. कॉस्टिक सोड्यातला हायड्रॉक्साइड चरबी आणि कातडी खातो, धुण्याच्या सोड्यातला कार्बोनेट पाण्यातला चुना खाली बसवतो, खाण्याच्या सोड्यातला बायकार्बोनेट पिठात वायू सोडतो, ब्लीचमधला हायपोक्लोराइट डाग उडवतो. सोडियम या सर्वांना पाण्यात सहज विरघळू देतो आणि स्वतः बाजूला राहतो. मात्र काही ठिकाणी खुद्द सोडियमच काम करतो किंवा नुकसान करतो. पिवळी ज्योत, मऊ केलेले पाणी, रंगाच्या टाकीतले मीठ, वाढलेला रक्तदाब आणि चोपण (सोडियम साचून घट्ट झालेली) जमीन ही ती ठिकाणे होत. पुढील मार्गदर्शन या दोन बाबी वेगळ्या ठेवूनच वाचावे.

मूळ धातू आणि त्याची हाताळणी

सोडियमचा अणुक्रमांक 11 असून त्याच्या अणूत इलेक्ट्रॉनांची मांडणी 2, 8, 1 अशी असते. बाहेरच्या कक्षेतला तो एकटा इलेक्ट्रॉन सोडून देण्याची या धातूची ओढ इतकी तीव्र आहे की निसर्गात सोडियम मोकळ्या स्वरूपात कुठेच सापडत नाही; तो मिठात, खडकांत आणि समुद्रात संयुगांच्या रूपानेच असतो. 1807 साली हंफ्री डेव्ही यांनी वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून तो प्रथम वेगळा केला. आजही तो विजेनेच मिळवतात, फक्त कॉस्टिकऐवजी मीठ वितळवतात. शुद्ध मीठ 801 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळून तापमान सुमारे 600 अंशांपर्यंत खाली आणतात, आणि मग एका बाजूला सोडियम व दुसऱ्या बाजूला क्लोरीन मिळतो.

हा धातू चाकूने खव्याच्या वडीसारखा कापता येतो. ताजा काप चांदीसारखा चमकतो आणि हवेत पाहता पाहता मळकट होतो. त्याची घनता 0.97 असल्याने तो पाण्यावर तरंगतो, पण रॉकेलमध्ये बुडतो, आणि म्हणूनच तो रॉकेलखाली साठवता येतो. तो सुमारे 98 अंशांना, म्हणजे पाणी उकळण्याच्या किंचित आधीच, वितळतो. त्यामुळे पाण्यात टाकलेला तुकडा स्वतःच्याच उष्णतेने वितळून गोळी होतो आणि पृष्ठभागावर सैरावैरा धावतो. या अभिक्रियेत कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन तयार होतात. तुकडा मोठा असेल किंवा एका जागी अडकला, तर तो हायड्रोजन पेट घेतो आणि स्फोटासह उकळते कॉस्टिक चौफेर उडते.

घरात या धातूचे काहीच काम नाही. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत मात्र सेंद्रिय पदार्थांतील नायट्रोजन, गंधक आणि हॅलोजन शोधण्यासाठी तो लागतो. तेथे तुकडा तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठा घेऊ नये. तो चिमट्यानेच उचलावा, टिपकागदावर रॉकेल टिपून घ्यावे, बोटाने कधीही स्पर्श करू नये, कारण बोटावरचा घामही पुरेसा असतो. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय बरणीचे झाकण उघडू नये. उरलेले तुकडे बेसिनमध्ये टाकण्याची चूक फार महागात पडते. ते कोरड्या अल्कोहोलमध्ये, थोडे थोडे करून, ज्योतीपासून दूर विरघळू द्यावेत. आग लागलीच तर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरू नये. कोरडी वाळू, कोरडे मीठ किंवा कोरडा सोडा ॲश टाकून ती झाकावी, आणि या तिन्हींपैकी एकाची बादली बरणी उघडण्यापूर्वीच जवळ आणून ठेवावी.

घरच्या घरी ओळख

डाळ उतू जाऊन गॅसवर सांडली की निळी ज्योत एकदम पिवळीधमक होते. तो पिवळा रंग डाळीचा किंवा हळदीचा नसतो, डाळीतल्या मिठातल्या सोडियमचा असतो. तापलेल्या सोडियमच्या अणूंतून सुमारे 589 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो. एलईडी येण्यापूर्वी रस्त्यांवर जे पिवळसर सोनेरी दिवे जळत असत, तेही सोडियमच्या वाफेचेच होते. या खुणेने पदार्थात सोडियम आहे एवढेच कळते. सोबत कोण आहे हे कळत नाही.

ते शोधण्यासाठी हळद उपयोगी पडते. पांढऱ्या बशीत चमचाभर हळदीचे पाणी घ्यावे आणि संशयित पूड चिमूटभर टाकावी. धुण्याच्या सोड्याने हळद चटकन गडद तांबडी होते. हळदीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावल्यावर जो रंग दिसतो, तोच हा रंग. खाण्याच्या सोड्याने रंगात किरकोळ फरक पडतो आणि मिठाने काहीच फरक पडत नाही. तरीही ही चाचणी केवळ अंदाज देते. डब्यावर नाव नसलेली पांढरी पूड चाखून पाहू नये, आणि हळदीची परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणून ती पिठातही घालू नये. ती टाकून द्यावी. खाण्याचा आणि धुण्याचा सोडा एकाच फळीवर ठेवण्याची पद्धत अनेक घरांत दिसते, ती आजच बंद करावी.

स्वयंपाकघरात

मिठाच्या वजनात सुमारे 39 टक्के सोडियम असतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे साधारण 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, अशी मर्यादा सांगितली आहे. ते जेमतेम एक सपाट चहाचा चमचा भरते, आणि त्यात आमटी, भाजी, भाकरीसोबतची शेंगाचटणी, लोणचे, पापड आणि फरसाण हे सगळे बसवायचे असते. पाकिटावर बहुधा मिठाऐवजी सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये दिलेला असतो, आणि तिथेच ग्राहक फसतो. त्या आकड्याला अडीचने गुणावे म्हणजे मीठ मिळते. 100 ग्रॅम फरसाणात 800 मिलिग्रॅम सोडियम लिहिला असेल, तर त्यात 2 ग्रॅम मीठ आहे. खाण्याच्या सोड्यातही 27 टक्के सोडियम असतो, त्यामुळे ज्यांना रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितले आहे त्यांनी ॲसिडिटीवर वारंवार सोडा पिण्याची सवय सोडावी. सैंधव आणि काळे मीठ हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. त्यांच्या रंगामुळे आणि वासामुळे सोडियम घटत नाही. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आयोडीनयुक्त मीठ चुलीजवळ उघडे ठेवू नये. उष्णता आणि दमट हवा यांनी आयोडीन कमी होत जाते, म्हणून डबा घट्ट झाकणाचा असावा आणि शक्य तेव्हा मीठ शिजण्याच्या शेवटी घालावे.

खाण्याचा सोडा तापला की त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते, आणि मागे धुण्याच्या सोड्याचाच कोरडा भाऊ, म्हणजे सोडियम कार्बोनेट, उरतो. सोडा जास्त झालेल्या ढोकळ्याला साबणासारखी चव येते ती याच अवशेषामुळे. ताक, दही किंवा लिंबू सोबत असेल तर वायू लवकर आणि पूर्ण सुटतो आणि तो अवशेष उरत नाही. म्हणून आंबट घटक नसलेल्या पिठात सोडा अगदी चिमटीनेच घालावा आणि आंबट पिठात घातल्यावर पीठ ताटकळत ठेवू नये. पापडखार हादेखील सोडियमचा अल्कधर्मी क्षारच असल्याने त्याचे प्रमाण वजन करूनच घ्यावे, अंदाजाने नव्हे.

बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, ही सोलापूरच्या गृहिणींची जुनी तक्रार आहे आणि ती शंभर टक्के खरी आहे. आपल्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. कॅल्शियम डाळीच्या दाण्यांतील पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतो आणि दाणा फुटत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यावर तो बंध सैल होतो. परंतु त्याच सोड्याने डाळीतले बी-1 जीवनसत्त्व नष्ट होते, म्हणून हा नित्याचा उपाय करू नये. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते हे मान्य करूनही, डाळ शिजवण्यापुरते दोन तांबे नळाचे पाणी वेगळे झाकून ठेवणे हा अधिक चांगला मार्ग आहे.

उन्हाळ्याबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर गेलेला असताना यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ-दहा तास उभ्या असलेल्या माणसाच्या घामातून पाण्याबरोबर सोडियमही जातो. रक्तात सोडियमचे प्रमाण लिटरला 135 ते 145 मिलिमोल इतक्या अरुंद पट्ट्यात टिकावे लागते. घाम खूप गेल्यावर केवळ साधे पाणी तांब्यामागून तांब्या पीत राहिल्यास ते प्रमाण खाली घसरू शकते; डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे येणे आणि पुढे भ्रम होणे ही त्याची लक्षणे आहेत. म्हणून मधूनमधून मीठ घातलेले ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. जुलाब किंवा उलट्या होत असतील तर तयार जलसंजीवनी उत्तम. ती मिळेपर्यंत 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. हे प्रमाण मनाने वाढवू नये, कारण मीठ जास्त झाले तर लहान मुलांना ते घातक ठरते. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अंग तापून घाम थांबला, तर पेयांच्या नादी न लागता त्याला सावलीत नेऊन अंग ओले करावे आणि तातडीने दवाखान्यात हलवावे.

धुण्याच्या मोरीत

दुष्फेन पाण्यात साबण फेस देत नाही. तो चुन्याशी संयोग पावून राखाडी साय बनतो आणि कपड्यावर बसतो. धुण्याच्या सोड्यातला कार्बोनेट हा चुना आधीच खाली बसवतो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: बादलीभर पाण्यात एक-दोन चमचे सोडा विरघळवावा, पाणी किंचित गढूळ होईपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबावे, आणि मगच साबण किंवा पूड घालावी. दोन्ही एकदम टाकल्यास निम्मा साबण चुन्यातच खर्च होतो. सुती चादरी आणि टॉवेलांना हे पाणी मानवते, पण रेशीम आणि लोकर प्राणिज असल्याने अल्कलीने त्यांचे तंतू कमजोर होतात. रेशमी पदराची इरकल या बादलीत कधीही बुडवू नये. ॲल्युमिनियमच्या पातेल्यातही सोडा उकळू नये, कारण तो त्या धातूला खातो.

धुण्याच्या सोड्याच्या खड्यांत बहुतांश वजन पाण्याचे असते. ताज्या खड्यांत खरा सोडियम कार्बोनेट केवळ 37 टक्के असतो आणि आपल्या कोरड्या हवेत उघड्या पिशवीतले खडे काही दिवसांत पाणी सोडून पांढरी पूड होतात. तीच चमचाभर पूड आता पूर्वीच्या चमचाभर खड्यांपेक्षा कितीतरी तीव्र असते. सोडा ॲश म्हणजे पाणी पूर्ण काढलेला तोच पदार्थ. 100 ग्रॅम सोडा ॲशऐवजी खडे वापरायचे असतील तर सुमारे 270 ग्रॅम लागतात.

नवी चादर मिठाच्या पाण्यात भिजवली की रंग पक्का होतो, हा समज मात्र सोडून द्यावा. मिठाच्या पाण्यात सुटा रंग थोडा कमी बाहेर येतो, एवढाच तो परिणाम; पुढच्या साध्या पाण्यात तो सुटा रंग निघणारच. नवी चादर पहिले दोन-तीन वेळा वेगळी, गार पाण्यात धुवावी.

घरातल्या सर्वांत मोठ्या धोक्याकडे वळतो. दुष्फेन पाण्यामुळे फरशीवर आणि भांड्यांवर पांढरा थर चढतो आणि तो काढण्यासाठी आपल्याकडे ॲसिड सर्रास वापरतात. पांढऱ्या कपड्यांचे किंवा शौचालयाचे ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना गंभीर इजा करतो. दोन्ही एकाच दिवशी, एकाच जागी वापरू नयेत; चुकून मिसळलेच तर सावरत न बसता तत्काळ बाहेर पडून दार-खिडक्या उघड्या टाकाव्यात.

रंगखात्यात

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टर्किश टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि चादरीच्या नक्षीचे वैशिष्ट्य असे की रंग विणण्याआधी सुतालाच दिला जातो. लडी किंवा कोनवरचे सूत रंगखात्यातून जाते, तेव्हा जवळपास प्रत्येक पायरीवर सोडियमचे एखादे संयुग उभे असते.

प्रथम कच्चे सूत कॉस्टिकच्या सौम्य द्रावणात उकळून त्यावरील मेण आणि तेलकटपणा काढतात, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्याने बसतो. पांढरेपणासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात तेव्हा सोडियम सिलिकेट सोबत घालतात, कारण ते पेरॉक्साइडला एकदम फुटू देत नाही. येथपर्यंत सगळी कामे सोबत्यांची आहेत.

रिॲक्टिव्ह रंगात, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंधाने जोडल्या जाणाऱ्या रंगात, मात्र खुद्द सोडियम पुढे येतो. पाण्यात कापसाच्या धाग्यावर ऋण भार असतो आणि रंगाच्या कणांवरही ऋण भार असतो. दोघे एकमेकांना दूर ढकलतात. मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट, घातल्यावर सोडियमचे धन आयन मध्ये येऊन हे ढकलणे शमवतात आणि रंग धाग्याकडे सरकतो. तो धाग्यावर पुरेसा चढल्यानंतर सोडा ॲश घातला की पाणी अल्कधर्मी होते आणि रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो. यामुळेच आधी मीठ आणि नंतर सोडा हा क्रम कधीही उलटवू नये. सोडा आधी पडला तर रंग पाण्याशीच संयोग पावून वाया जातो आणि पुढे धुताना सुटत राहतो. उदाहरणार्थ 10 किलो सुताला 100 लिटर पाणी घेतले आणि मध्यम छटेसाठी लिटरला 50 ग्रॅम निर्जल ग्लॉबर सॉल्ट व 15 ग्रॅम सोडा ॲश धरला, तर 5 किलो सॉल्ट आणि दीड किलो सोडा लागतो. सॉल्ट तीन हप्त्यांत, दर हप्त्यानंतर लड्या फिरवत घालावे. सोडाही वेगळ्या बादलीत विरघळवून हप्त्यांनीच घालावा. नेमके प्रमाण आणि तापमान रंग-उत्पादकाच्या पत्रकाप्रमाणेच ठेवावे.

येथे खरेदीतली एक चूक वारंवार होते. स्फटिकरूप ग्लॉबर सॉल्टमध्ये 56 टक्के पाणी असते. निर्जल मालाचे 5 किलो म्हणून स्फटिकांचे 5 किलो घातले, तर प्रत्यक्षात निम्म्याहून कमी मीठ पडते आणि छटा फिकी येते. स्फटिक वापरायचे तर 11 किलोपेक्षा थोडे जास्त लागतात. स्वस्त, जाड मीठ घेतले तर त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडा ॲशबरोबर पांढरा गाळ तयार करतात आणि तो सुतावर बसून चट्टे पाडतो. बोअरचे पाणी थेट टाकीत घेतल्यानेही हेच होते. म्हणून पाणी मऊ करणारे यंत्र बसवतात. त्यातली राळ (रेझिनचे बारीक मणी) पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून बदल्यात सोडियम सोडते, आणि राळ थकली की मिठाच्या तीव्र पाण्याने तिला पुन्हा सोडियमने भरतात. असे मऊ केलेले पाणी कामगारांच्या पिण्याच्या माठात जाऊ देऊ नये.

व्हॅट रंग धुण्याला आणि उन्हाला टिकतात, पण ते पाण्यात विरघळतच नाहीत. कॉस्टिक आणि सोडियम हायड्रोसल्फाइट, ज्याला खात्यात नुसते हायड्रो म्हणतात, यांच्या साहाय्याने त्यांना विरघळणारे रूप दिले जाते. टाकीतला तो रंग कित्येकदा अंतिम रंगापेक्षा वेगळाच दिसतो, आणि सूत बाहेर काढून हवा लागली की खरा रंग धाग्याच्या आतच पुन्हा न विरघळणारा होऊन बसतो. ती पालट मी शेकडो वेळा पाहिली आहे आणि तरीही प्रत्येक वेळी हातातले काम थांबवून पाहत राहावेसे वाटते. हायड्रोचा डबा मात्र अत्यंत सांभाळावा: त्याला ओल लागली की तो आपोआप तापतो, गुदमरवणारा वायू सोडतो आणि पेटूही शकतो. ओला हात किंवा ओला डबा त्यात कधीही घालू नये.

कॉस्टिक विरघळवण्याची पद्धत प्रत्येक नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी दाखवावी. लोखंडी किंवा जाड प्लॅस्टिकच्या भांड्यात आधी गार पाणी घ्यावे. ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताचा मुलामा दिलेले भांडे घेऊ नये, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. मग खवले थोडे थोडे सोडत लांब दांड्याने ढवळावे. द्रावण उकळण्याच्या जवळ तापू शकते, म्हणून घाई करू नये, चेहरा भांड्यावर झुकवू नये, आणि चष्मा, रबरी हातमोजे व बंद बूट घातल्याशिवाय हात लावू नये. खवल्यांवर पाणी ओतणे ही सर्वांत घातक चूक आहे. मी तरुण असताना एका रंगखात्यात नव्यानेच लागलेल्या मुलाने पिंपाच्या तळाशी घट्ट झालेले खवले सुटावेत म्हणून त्यावर बादलीभर पाणी ओतले. क्षणात उकळी फुटली आणि शिंतोडे त्याच्या कपाळावर व पापणीवर उडाले. चार पावलांवर वाहता नळ होता आणि जुन्या कामगाराने त्याला धरून जवळजवळ अर्धा तास त्याखाली ठेवले, म्हणून डोळा वाचला. त्या दिवसापासून कॉस्टिकच्या जागेजवळ वाहते पाणी असल्याशिवाय मी पोते उघडू देत नसे. अंगावर पडल्यास कपडे काढून किमान 20 मिनिटे भरपूर पाण्याने धुवावे, डोळ्याच्या बाबतीत पापणी उघडी धरून धुवावे आणि मग दवाखाना गाठावा. त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नये. उरलेले खवले हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात, म्हणून पोते लगेच बांधावे.

इतर उद्योगांत

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा आहे. उसाचा रस आटवणाऱ्या भांड्यांच्या नळ्यांत जो थर साचतो, तो काढण्यासाठी तेथे कॉस्टिकचे द्रावण उकळतात. तेल किंवा चरबी कॉस्टिकबरोबर शिजवली की साबण आणि ग्लिसरीन मिळते. वाळूत सोडा ॲश घातल्याने ती बऱ्याच कमी तापमानाला वितळते आणि चुन्याच्या जोडीने काच तयार होते. आपल्याकडे उतरणाऱ्या मिठाचा आणि सोडा ॲशचा मोठा भाग गुजरातच्या किनाऱ्यावरून येतो. मिठापूर येथे समुद्राच्या मिठापासून सोडा ॲश बनवण्याचा जुना कारखाना आहे. मूळ धातूचा सर्वांत विलक्षण उपयोग तमिळनाडूतील कल्पाक्कम येथे होतो: तेथील जलद प्रजनक (चालताना नवे इंधनही तयार करणाऱ्या) अणुभट्टीत वितळलेला सोडियमच उष्णता वाहून नेतो, कारण तो उष्णतेचा उत्तम वाहक आहे, 883 अंशांपर्यंत उकळत नाही आणि न्यूट्रॉनांचा वेग पाण्यासारखा मंद करत नाही.

शेतात

रंगखात्याच्या सांडपाण्यातला रंग प्रक्रियेने काढता येतो, पण त्यात विरघळलेले मीठ आणि ग्लॉबर सॉल्ट साध्या प्रक्रियेने निघत नाही. पाणी स्वच्छ दिसले तरी सोडियम त्यातच असतो. असे पाणी ओढ्यात किंवा शेतात सोडणे हा शेजाऱ्याच्या जमिनीवर केलेला अन्याय आहे, आणि तो वर्षानुवर्षे भरून निघत नाही. काळ्या मातीच्या कणांना कॅल्शियम एकत्र बांधून ठेवतो. त्याची जागा सोडियमने घेतली की कण सुटे होतात, मातीची छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण होते. कालव्याच्या अति पाण्याने आणि निचरा नसल्यानेही हेच घडते. पावसानंतर पाणी गढूळ होऊन दिवसेंदिवस साचणे आणि वाळल्यावर दगडासारखी ढेकळे होणे ही तिची खूण आहे. माती परीक्षणात सामू (pH) 8.5 च्या वर आणि विनिमयक्षम, म्हणजे मातीच्या कणांना धरून असलेला, सोडियम 15 टक्क्यांच्या वर आल्यास निदान पक्के होते.

पृष्ठभागावर केवळ पांढरे मीठ फुललेली खारवट जमीन निचऱ्याचे चर काढून चांगल्या पाण्याने धुतली की सुधारते. चोपण जमीन मात्र नुसती धुवू नये, त्याने ती आणखी बिघडते. तिला आधी जिप्सम द्यावे लागते, कारण त्यातील कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकावतो आणि मग पाणी त्याला चरातून वाहून नेते. चर आधी, जिप्सम नंतर आणि पाणी शेवटी, असा हा क्रम आहे. मात्रा माती परीक्षण अहवालाप्रमाणेच घ्यावी, जिप्सम बारीक करून वरच्या थरात मिसळावे, आणि हे काम मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी उरकावे. त्याच पावसावर धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून फुलोऱ्याच्या सुमारास तो जमिनीत गाडावा, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच ठिकाणची माती पुन्हा तपासून जिप्समचा दुसरा हप्ता लागतो का, ते ठरवावे.